खरखरमामांचा ड्रायव्हर

आमच्या मामांना आम्ही भाचरं खरखरमामा म्हणतो. अर्थात पाठीमागे. त्यांच्या खोलीत गोदामानं मोडीत काढलेला जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. तो खर्रर्र-टक करत छापतो आणि मामाही बोलण्याआधी अगदी तसाच घसा साफ करतात. "खर्रर्र... म्हणजे कसं आहे ना..." पुढचं वाक्य येईपर्यंत चहावर साय धरते.

मामा दिवसा गोदामात मालाच्या पावत्या फाडतात. घरी आले की जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बांधलेल्या, युनिक्सच्या वळणाच्या, संगणक चालवणाऱ्या फुकट प्रणालीत हातभार लावतात. त्या डोंगराएवढ्या कामात मामांचा खडा एवढाच: या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषा.

नव्या आवृत्तीआधी तिथे प्रणालीच्या अशा जुन्या तुकड्यांची झाडाझडती होते. तुकडा बनवणारा सोडून दुसऱ्या कोणीतरी तो खऱ्या यंत्रावर चालवायचा आणि सगळ्यांना मेल जाणाऱ्या यादीवर 'चालतं' असं कळवायचं. कोणीच कळवलं नाही, तर तुकडा बाहेर. हा नियम मांडणाऱ्यांत मामाच सगळ्यात पुढे होते. या वेळी पाळी त्यांच्याच ड्रायव्हरवर आली.

मामांनी यादीवर विनंती टाकली. रोज कामावरून आले की चपला काढायच्या आधी मेल बघायचे.

"काय, आला का स्थळाकडून होकार?" मामी स्वयंपाकघरातून विचारायची.

"खर्रर्र... लोक कामात असतात गं."

"हो ना! अख्खं जग कामात, तुम्ही तेवढे रिकामे! अहो, मग दुसऱ्या नावानं तुम्हीच लिहून टाका की 'चालतं'. कोण येतंय बघायला?"

मामांनी या वेळी घसासुद्धा साफ केला नाही. "याच कारणावरून मी दुसऱ्यांचे तुकडे अडवलेत."

मामी भांडी जरा जोरात आपटू लागली.

मुदत संपली. नव्या आवृत्तीचं काम बघणाऱ्या पोराचं पत्र यादीवर आलं: आजवरच्या योगदानाबद्दल आभार, ड्रायव्हर काढत आहोत. मामांनी ते श्रद्धांजली वाचावी तसं वाचलं आणि खाली स्वतःच उत्तर दिलं, 'नियमाला धरून आहे.' मग प्रिंटरवर जुनी चादर टाकली. घरात असं सुतक पसरलं, की त्या आवाजाला जन्मभर शिव्या घालणारी मामीच एकदा म्हणाली, "लावा की जरा ते तुमचं खरखरं. कान बधिर झालेत."

मामांनी लावला नाही.

नवी आवृत्ती निघाली आणि पाठोपाठ एक मेल आला. कुठल्याशा दवाखान्यातला कारकून होता. 'नवीन आवृत्ती टाकली आणि प्रिंटर मेला! कोणत्या शहाण्यानं ड्रायव्हर काढला? इतकी वर्षं एकदाही अडला नव्हता!'

"इतकी वर्षं याच्या तोंडाला काय कुलूप होतं?" मामी कडाडली.

मामा मात्र तो मेल पुन्हा पुन्हा वाचत होते. इतक्या वर्षांत त्यांच्या ड्रायव्हरबद्दल कोणी लिहिलेलं हे पहिलंच वाक्य. त्यांनी चादर काढली, स्वतःच्या प्रिंटरवर सगळं पुन्हा चालवून पाहिलं आणि जुना ड्रायव्हर हातानं कसा बसवायचा ते त्या माणसाला बैजवार लिहून पाठवलं. शेवटी एकच मागणं केलं: 'प्रिंटर सुरू झाला, तर यादीवर एवढंच लिहा, चालतं. म्हणजे ड्रायव्हर परत घेता येईल.'

मामा पुन्हा चपला न काढता मेल बघू लागले. मामीनं स्थळाची चेष्टा सोडून दिली.

त्याचा प्रिंटर सुरू झाला असणार. कारण नंतर त्याचं अक्षरही आलं नाही.