दहा आकड्यांची मुभा

जगातला आजवरचा सगळ्यात मोठा पहिलवान कोण, यावर माणसांनी खुशाल डोकी फोडून घ्यावीत. पण आजवर सगळ्यात जास्त वेळा चीत झालेला पहिलवान कोण, याचा निकाल माझ्या मते कधीच लागला आहे. ते आमचे दाजी, थोरल्या आक्काचे यजमान. मिसरूड फुटायच्या आधी त्यांनी लांग बांधली आणि टक्कल पडेपर्यंत सोडली नाही. तेवढ्या काळात बेंबळीपासून तेरपर्यंत असा एकही फड उरला नव्हता, जिथल्या मातीला दाजींच्या पाठीची ओळख नव्हती. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या संपल्या, की मोठ्यांच्या सुरू होण्याआधी मंडळींना जरा हसवावं म्हणून दाजींची कुस्ती लावत. ढाकेचा डाव लागला तरी ते पडत, नुसती हातांची खडाखडी झाली तरी पडत. एकदा तर सलामीचा हात देतानाच पाय घसरून पडले, आणि समोरच्या गड्याला नारळ घ्यायची लाज वाटली. पण पडून उठल्यावर अंगाची माती झाडत ते चहूकडं बघून असे हसायचे, की मागून आलेल्याला जिंकला कोण याचा घोटाळा व्हावा.

पोटासाठी दाजी गावच्या दूध सोसायटीत दूध मोजून घेत. सोसायटी म्हणजे पत्र्याची एक खोली, चार कॅन आणि दाजी. लोक चरव्या घेऊन रांगेत उभे राहत आणि दाजी माप ओतता ओतता कुस्तीवर बोलत. बोलण्याच्या भरात माप मात्र कधी एका थेंबानं चुकलं नाही. आयुष्यात चुकायचं तेवढं त्यांनी कुस्तीच्या हौदात चुकून घेतलं होतं. मी तेव्हा धाराशिवला कचेरीत कारकून होतो आणि रविवारी आक्काकडं जेवायला जात असे. अशाच एका रविवारी मी शेव नेली. शेव भाच्यांनी संपवली आणि पुडीचा कागद दाजींच्या हाती लागला. त्यावर अमेरिकेतल्या एका मुष्टियोद्ध्याचा फोटो होता. हातांत उशांएवढाले मोजे, उघडं अंग आणि उजव्या डोळ्यावर शेवेच्या तेलाचा डाग. खाली छापलं होतं, की हा लढतीत खाली पडला होता, पण दहा आकडे मोजून व्हायच्या आत उठला आणि जिंकला. आणि आता यालाच आजवरचा सर्वश्रेष्ठ मानावं काय, असा वाद तिकडं चालला आहे.

“पाव्हणं, ह्ये दहा आकडे काय भानगड?” दाजींनी विचारलं. मी मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. खाली पडला तरी लढत लगेच संपत नाही, पंच एक ते दहा मोजतो, तेवढ्यात उठला तर लढत पुढं चालू.

“म्हंजे पाठ लागली तरी कुस्ती सुटत न्हाय?”

“नाही.”

“उठायची मुभा आसती?”

“असते.”

दाजी कागद घेऊन बाहेर गेले आणि लिंबाखाली बराच वेळ एकटेच बसून राहिले. तालमीत पाठ एकदा लागली की खेळ खलास, या कायद्याखाली उभी जवानी घालवलेल्या माणसाला कुणी तरी सांगितलं होतं, की जगाच्या दुसऱ्या टोकाला पडलेल्यासाठी थांबतात. त्या संध्याकाळी तो फोटो सोसायटीच्या पत्र्यावर खळीनं चिकटला आणि दाजींनी निकाल जाहीर केला. आजवरचा सगळ्यात मोठा पहिलवान तोच. मागं कुणी झाला नाही, पुढं कुणी होणार नाही. डोळ्यावरचा तेलाचा डाग हा ठोशाचा वण आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. चालत्या पहिलवानाचं नाव घेतलं की दृष्ट लागते म्हणून त्याला नुसतं ‘आमचा’ म्हणत. आक्का तर वैतागून गेली होती. “बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, तसं ह्ये त्येचं घेत न्हाईत. दिसभर ‘आमचा, आमचा’. त्यापरास सवत आनली आसती तर निदान भाकरी तरी थापू लागली आसती,” ती म्हणाली. यावर दाजी म्हणाले, की ‘आमच्या’च्यानं मोज्यांमुळं पीठ मळणं व्हायचं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. दुष्काळाचं ते ओळीनं दुसरं साल होतं, आणि धरून ठेवलेल्या सालगड्यासारखा तो गावातून हलतच नव्हता. तेरणेच्या पात्रात वाळू उरली होती, गावाला टँकर येत होता आणि शेतात उगवण्यासारखं काही नसल्यामुळं घराघरात जे काही यायचं ते म्हशीच्या कासेतून. ते न्यायला दूध संघाचा टेम्पो येई. कॅन भरले नाहीत तर एवढ्या आडवाटेला गाडी पाठवणं परवडत नाही, असं संघानं दोनदा बजावलं होतं. अशा दिवसांत एका सकाळी चरवी घेऊन रांगेत वस्ताद उभे राहिले.

वस्ताद म्हणजे गावच्या तालमीचे धनी. सत्तरी गाठलेला, कपाळावर विभूती ओढलेला लिंगायत म्हातारा. निजामाच्या काळापासून त्यांची पाठ मातीला लागलेली कुणी पाहिली नव्हती. दाजी त्यांचेच शिष्य, आणि आपल्या हातून घडलेला सगळ्यात वाया गेलेला गडी म्हणून वस्ताद त्यांच्यावर जरा जास्तच माया करत. आई सीमेपलीकडची, म्हणून राग आला किंवा काही मोजायचं असलं की ते कानडीत शिरत. त्या दिवशी त्यांनी फोटोकडं पाहून म्हटलं, “पाठ लागली त्यो मेला. मेल्याला मानूस उठला तर त्येला भूत म्हनत्यात, पहिलवान न्हाय. आन् आजवरचा म्हंजे मेल्यालेबी धरून. मेल्याल्यांची ह्येच्याशी जोड कुनी लावली?”

दाजींना वादात माघार ठाऊक नव्हती. ती सगळी हौदात खर्च झाली होती. ते बोलून गेले, “वस्ताद, तुमच्या उमेदीत आमचा फडात आला आसता, तर तुमचीबी पाठ...”

वाक्य तिथंच तुटलं. वस्तादांनी पुढं केलेली चरवी मागं घेतली, ते रांगेतून बाहेर पडले, आणि त्यांच्या मागोमाग तालमीतली सगळी पोरं आपापल्या चरव्या घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी निम्मं गाव दूध घेऊन आलंच नाही. कॅन अर्धेच भरले. टेम्पोवाल्यानं आत डोकावून मान हलवली. तिसऱ्या दिवशी तेच झालं आणि टेम्पोवाला म्हणाला, की आठवडाभर बघतो, मग येत नाही. ज्यांनी दूध आणलं ते दाजींवर चिडले, ज्यांनी आणलं नाही ते घरी दूध नासताना बघून दाजींवरच चिडले. आक्कानं मला निरोप धाडला. मी गेलो तेव्हा ती चुलीपुढं बसून होती, आणि चूल पेटवलेली नव्हती.

मी दाजींना परोपरीनं सांगितलं, की जाऊन पाय धरा. “पाय कवाबी धरीन,” ते म्हणाले, “पर ‘आमचा मोठा न्हाय’ आसं म्हना म्हनले तर? खोटं कसं बोलू?” माझा संताप झाला. अमेरिकेतल्या एका माणसापायी, ज्याला आमच्या तालुक्याचा पत्ताही ठाऊक नव्हता, गावचं दूध नासत होतं. तेवढ्यात वस्तादांचाच सांगावा आला, की वाद फडात सुटेल. दाजी खुलले. फडात ज्याला जोड मिळत नाही तो हात वर करून हौदाला फेरी मारतो. कुणीच उठला नाही तर तो जिंकला, हा रिवाज. “आमच्याला तिकडनं यष्टी न्हाय. त्येच्या वतीनं म्या फिरतो. कुनी उठनार न्हाय, वाद मिटंल,” दाजी म्हणाले. वस्ताद स्वतः उठतील हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मी ते झटकून टाकलं.

त्या साली जत्रा देवापुरतीच करायची ठरली होती. पाळणे नव्हते, दुकानं नव्हती, फक्त कुस्त्या. हौदात दरवर्षी ताक, तेल, हळद घालून मळलेली लालभडक माती असे. यंदा माणसाला प्यायला पाणी नाही, तर मातीला कुठलं? ढेकळं नुसती फोडून पसरली होती. पहिल्याच कुस्तीत एका तरण्या गड्याचा खांदा निखळला. शेवटी दाजी लांग बांधून हात वर करून निघाले. लोक आधी हसले. अर्धी फेरी झाली आणि समोरच्या बाजूनं वस्ताद उठले. त्यांनी पटका सोडून शेजारच्याच्या हातात दिला, सदरा काढला. अंगावर हाडांची पेटी तेवढी उरली होती, आणि तरीही शड्डू असा घुमला की बसलेले लोक आपोआप उभे राहिले.

कुणी हसलं नाही. दाजींचा हात वरच राहिला होता. खाली घ्यावा तर ‘आमचा’ हरला, ठेवावा तर वस्तादांशी कुस्ती. आणि त्या टणक जमिनीवर सत्तरीचा म्हातारा पडला तर पुन्हा उठणं नव्हतं. गाव आपल्याला जन्मभर माफ करणार नाही, हे त्यांच्या तोंडावर मला लांबून वाचता येत होतं. इतक्यात मागं बायकांच्या बाजूला गडबड झाली. आक्का डोक्यावर भरलेली घागर घेऊन येत होती. सकाळी टँकरवर भांडून मिळवलेली ती दिवसाची एकुलती घागर होती. बायकांनी हौदाजवळ यायचं नसतं, म्हणून ती कडेला थांबली आणि घागर तिनं माझ्याकडं दिली. “वत मातीत,” ती म्हणाली. “कुनीबी पडू दे. हाड मोडाया नगं.” मी पाणी ओतलं. तेवढं पाणी मातीनं कधी पिऊन टाकलं ते कळलंही नाही, पण मधली हातभर जागा काळी झाली. मग आणखी एक घागर आली, आणि आणखी एक.

सलामी झाली. दाजी नेहमीसारखे पडले, आणि माझी खात्री आहे की या वेळीही ते मुद्दाम पडले नव्हते; वस्तादांची ढाक तशीच होती. धप्प आवाज झाला. पंच पुढं सरसावला, तर वस्तादांनी हातानं त्याला अडवलं. धापा टाकत ते दाजींच्या उशाशी उभे राहिले, खाली बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “ओंदू.”

कुणाला काही कळेना. “एरडू,” वस्ताद म्हणाले. “मूरू.” मग सगळ्यांच्या आधी ते दाजींना कळलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंडात माती होती. त्यांचे वस्ताद, ज्यांनी पडलेल्यासाठी उभ्या जन्मात क्षणभर वाट पाहिली नव्हती, ते मोजत होते, आणि अगदी सावकाश मोजत होते. “एंटू”ला, म्हणजे आठाला, दाजी गुडघ्यावर आले. “ओंबत्तू”ला, नवाला, उभे राहिले.

“आता ये,” वस्ताद म्हणाले.

दाजी पुढं झाले आणि दोघांनी एकमेकांच्या मानेवर हात टाकले. मी रिकामी घागर घेऊन तिथंच कडेला होतो, म्हणून मला दिसलं. वस्तादांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. नुसतं बाजूला सरकायचा अवकाश, म्हातारा पालथा नाही तर उताणा झाला असता. आयुष्यात पहिल्यांदा दाजींच्या हातात कुस्ती होती. वस्तादांनी त्यांच्या कानाशी ओठ हलवून काही तरी म्हटलं, आणि दाजींनी मिठी आवळली. पाय रोवून ते तसेच उभे राहिले. लोकांना वाटलं काय ही जबर झुंज, कुणीच कुणाला हलू देत नाही. लोक ओरडत होते, शिट्ट्या मारत होते, आणि ते दोघं जागचे हलत नव्हते. अखेर पंचानं कुस्ती बरोबरीत सोडवली, आणि त्यानंतरही दाजींनी वस्तादांना धरूनच कडेपर्यंत आणलं.

दुसऱ्या दिवशी रांगेत पहिली चरवी वस्तादांची होती. फोटोकडं बघून ते म्हणाले, “उठतंय खरं बेनं. पर सगळ्यात मोठा न्हाय.” दाजी म्हणाले, “हाय.” कॅन भरले, टेम्पो आला, आणि वाद पुढं कैक वर्षं रोज सकाळी दुधाबरोबर येत राहिला. वस्ताद कानाशी काय बोलले, हे मी दाजींना अनेकदा विचारलं. ते मातीचा विषय काढत, म्हशीचा काढत, पण सांगत नसत.

वस्ताद गेले तेव्हा पाऊसपाणी बरं होतं. लिंगायतांत माणसाला निजवून नेत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि बसलेलाच मातीला देतात. खड्ड्यात उतरून माती भरेपर्यंत खांद्याला धरायला वस्तादांच्या मुलांनी दाजींना बोलावलं. दाजी उतरले. माती कमरेपर्यंत आली, छातीपर्यंत आली. मुलं म्हणाली, “दाजी, आता वर या, बसल्यात त्ये नीट.” दाजी वर येईनात. शेवटी मीच हात देऊन त्यांना बाहेर ओढलं.

परतताना आम्ही दोघंच मागं राहिलो होतो. दाजींचे हात अजून मातीनं भरलेले होते आणि ते त्यांनी झाडले नव्हते. नेहमी पडल्यावर झाडायचे.

“पाठ न्हाय लागली, पाव्हणं,” ते म्हणाले. “शेवटपातुर न्हाय लागली.”

“मग सगळ्यात मोठा कोण, दाजी?” मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

दाजी तसेच चालत राहिले. थोडं चालल्यावर म्हणाले, “त्या दिशी फडात कानात काय म्हनले, इचारत हुतास न्हवं? ‘सोडू नगंस’ म्हनले हुते.”

मग हातांकडं बघत ते म्हणाले, “आज सोडावं लागलं.”