लोकल भूल मला चालणार नाही!

आता कुठून ना कुठून तुमच्या कानावर आलंच आहे, तर माझ्याच तोंडून नीट ऐका की! चहा मात्र गार होऊ देऊ नका. होय, मी पोटाची चरबी काढून घेतली. ऑपरेशन करून. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. कुणाच्या लग्नासाठी नाही, नवऱ्यासाठी नाही आणि फोटोसाठी तर मुळीच नाही. माझं पोट, माझी हौस! त्याची मला काडीची लाज नाही. लाज वाटावी असं जे झालं ते वेगळंच, आणि ते मी स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतलं.

नवी पेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. दिवसभर काउंटरमागं उभी. दोन बाळंतपणांनंतर पोटावर जी वळकटी बसली ती बसलीच. रोज चालले, भात सोडला, शेंगाचटणीवरचं तेलसुद्धा सोडलं. काय झालं? गालफडं बसली, हात वाळले आणि वळकटी जागच्या जागी!

शेवटी ठरवलं, काढून टाकायची. आमचे हे म्हणाले, "मला तर चालतंय की."

मी म्हटलं, "तुम्हाला कुठं घेऊन फिरायचंय?"

विषय संपला. बाकी नातेवाइकांना पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे म्हणून सांगायचं, असं आमचं ठरलं.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची, गोड बोलणारी. तिनं तपासलं, रिपोर्ट बघितले, वळकटी चिमटीत धरून पाहिली.

"काकू, यानं वजन उतरत नाही बरं का, फक्त आकार बदलतो. आणि भाग तसा लहान आहे. तुमचं लोकल भूल देऊन होईल. जनरलची गरज वाटत नाही मला. तरी दोन्हीचा विचार करून सांगा."

लोकल! अहो, आमच्या धंद्यात लोकल म्हणजे काय असतं? पहिल्या धुण्यात रंग सोडणारं अस्तर! गिऱ्हाइकाला मी स्वतः सांगते, बाई, लोकल घेऊ नका, साडी खराब होईल. आणि ही बाई माझ्या पोटात लोकल घालायला निघालेली!

"लोकल का म्हणून?" मी विचारलं. "चांगल्यातलं नाही का तुमच्याकडं?"

"चांगलंच असतं काकू. बरेच जण लोकलच घेतात."

"घेत असतील. आम्ही नाही घेत."

"मग जनरल करू या?"

जनरल! म्हणजे पाय ठेवायला जागा नसलेला रेल्वेचा डबा! माझं तर डोकंच भणभणायला लागलं. माझी साडी साधी, बोलणं करमाळ्याकडचं, म्हणून ही मला यातलंच दाखवणार?

"जनरल तर नकोच. मला स्पेशल पाहिजे."

"स्पेशल रूम मिळेल की."

"रूम नाही हो, माल! माल स्पेशल पाहिजे!"

"माल?" डॉक्टरीणबाईनं आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी पंख्याकडं बघितलं. मी पर्स उचलली आणि तडक बाहेर!

रिक्षात हे हळूच म्हणाले, "अगं, लोकल म्हणजे बहुतेक..."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला कुणीही काहीही गळ्यात मारतं."

बिचारे रस्त्याकडं बघत बसले. तेव्हा बोलू दिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी कुणाला बोलू देते होय?

दुकानात आले तर चार बायका थांबलेल्या. त्यातली एक म्हणाली, "काकू, अस्तर लोकल असलं तरी चालेल."

झालं! माझा स्फोटच झाला. "लोकल! जो तो लोकल! तिकडं ती डॉक्टरीण पोटाची चरबी काढायला लोकल भूल देते म्हणती, इकडं तुम्ही अस्तर लोकल मागताय! दर्जा म्हणून काही उरलाय का जगात?"

मग मला कळलं, अरे देवा, हे मी काय बोलून बसले! आणि त्या चौघींतली एक कोण निघावी? आमच्या आक्कांच्या जावेची लेक! आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. करमाळ्याला शेती आणि शेरडं सांभाळतात. चार माणसांना पुरेल एवढा आवाज.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आक्का दारात हजर.

"सुमे, खडं म्हणलीस आन् चरबी काढतीस व्हय?"

मीही पदर खोचला. म्हटलं, "काढणार! तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा, मी काढणार!"

"काढ की! मी कुटं नगं म्हणलं? पर लोकल? माझ्या शेरडाला सुदिक मी चांगल्यातली लस टोचून आणती. आमच्या घरच्या बाईला लोकल? चल, बगतेच त्या डॉक्टरणीला!"

मला तर भरून आलं! आम्ही दोघी पुढं, हे चपला सरकवत मागं. दवाखान्यात बसायला जागा नव्हती एवढी गर्दी. आक्का दारातनंच कडाडल्या, "कोण हाय ती लोकलवाली?"

डॉक्टरीणबाई केबिनमधनं बाहेर आली.

"आमी करमाळ्याचे म्हणून काय बी खपवशील व्हय गं?"

त्या पोरीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग कपाळाला हात लावला. "काकू, कधी दाढ काढलीय का?"

"काढलीय की."

"हिरडीत सुई देऊन?"

"हो."

"बधिर झालं होतं? आणि तुम्ही जाग्या होता?"

"जागीच होते. का?"

"ती लोकल भूल. लोकल म्हणजे हलक्यातली नाही काकू. जेवढा भाग तेवढाच बधिर. जनरल म्हणजे पूर्ण झोपवायचं. औषधं दोन्हीकडं चांगलीच असतात."

मग कोपऱ्यात एक बाई खुदकन हसली आणि पाठोपाठ सगळे. आक्कांनी लगेच बाजू बदलली. "मला वाटलंच हुतं. सुमे, एवढं बी ठावं न्हाय तुला?"

हे म्हणाले, "चल, घरी जाऊ."

आता तुम्हीच सांगा, दुसरी कुणी असती तर तोंड लपवून पळाली असती की नाही? मी उभी राहिले. कोपऱ्यातली बाई म्हणाली, "जनरलच घ्या, डोळे मिटले की झालं." आक्का म्हणाल्या, "झोप बाई, झोप. बगायचं तरी कशाला?"

खरं सांगू? झोपवलं आणि उठलेच नाही तर, हीच भीती मला पहिल्यापासून होती. कुणाला बोलले नव्हते.

"लोकल!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "माझं पोट माझ्या डोळ्यांदेखत!"

"काकू, इरेला पेटून ठरवू नका. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवेल. मशीनचा आवाज येईल."

"येऊ दे."

आणि आला! ऑपरेशनच्या दिवशी सुया टोचताना मी देवाचं नाव घेतलं, ते खोटं नाही. पण थोड्या वेळात पोट असं बधिर झालं, की जणू शेजारणीचंच! कुणीतरी आतनं गादी झाडतंय, एवढंच कळत होतं. दुखणं म्हणाल तर नाही. मग भीती गेली आणि मला बोलायला सुचायला लागलं. डावीकडं जरा जास्त घ्या, म्हटलं. दोन्ही बाजू समसमान पाहिजेत, नाहीतर फिटिंग बिघडतं. नर्सबाईंना मोरपंखीवर कोणतं अस्तर बसतं ते सांगितलं. डॉक्टरीणबाईला लग्नाचं विचारलं, करमाळ्याकडचं एक स्थळ सुचवलं, मुलाच्या आईचा स्वभावही सांगून ठेवला.

संपल्यावर पट्टा बांधताना मी ऐटीत विचारलं, "बघितलंत? हूं की चूं केलं नाही! कोण म्हणत होतं जनरल घ्या म्हणून?"

डॉक्टरीणबाईनं मास्क काढला. घामानं डबडबलेली पोर.

"काकू, छान झालंय सगळं. पण पुन्हा कधी काही करायचं झालं, तर आपण जनरलच करू."

"का? मला तर काहीच त्रास झाला नाही."

"तुम्हाला नाही हो काकू," ती म्हणाली, "आम्हाला!"