जपानी कपाटाला दाखवलेलं ऊन

जपानचा माल म्हटलं की आम्हाला म्हशाच्या जत्रेतली कचकड्याची बाहुली ठाऊक. घरी येईपर्यंत तिचा हात निखळायचा. त्यामुळे गोधडीत गुंडाळलेलं ते कपाट मुरबाडला आमच्या पडवीत उतरलं आणि गाडीवान "जपानी हाय" म्हणाला, तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते.

कपाट शहापूरच्या एका लाकूड-ठेकेदारांचं. मुंबईच्या लिलावात हौसेनं घेतलेलं, एका दाराची बिजागरी निखळलेली. माझे सासरे सुतार. हे जमलं तर आटगावजवळच्या नव्या बंगल्याची सगळी दारं-खिडक्या तुमच्याकडे, असा निरोप होता. एवढं मोठं काम सासऱ्यांना उभ्या जन्मात मिळालं नव्हतं.

गोधडी सुटली आणि माझं हसू जिरलं. अगं बाई! काळं, पण कसलं काळं! त्यात माझी नथ दिसत होती. त्या काळ्यावर सोन्याचे बगळे, आपल्या भातखाचरात उतरतात तसेच, एक पाय उचलून. पीस न् पीस वेगळं. पाण्याच्या जागी शिंपल्याचे तुकडे जडवलेले. आपण मान हलवली की पाणी हलायचं. आतला एक लहान खण सासऱ्यांनी उपसला, तर त्याच्या मागच्या अंगाला, जिथं कुणाची नजर जायची नाही तिथं, एक सोन्याचा नाकतोडा. सासरे खालीच बसले.

"कोनासाठी काढला असंल गो यो?" एवढंच म्हणाले.

दोन दिवस त्यांनी हत्याराला हात लावला नाही, नुसते बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी बिजागरी अशी बसवली की दारात केसाएवढी फट नाही. मग काम झाल्याचं सांगायला ते शहापूरला गेले.

आता माझी अक्कल ऐका. पाऊस सरला की आमच्याकडे घरातलं सगळं अंगणात निघतं. गोधड्या, पाट, पेट्या, साऱ्यांना ऊन दाखवायचं, नाहीतर बुरशी धरते. दुसऱ्याची वस्तू म्हणून मला जास्तच काळजी! शेजारणीला हाताशी घेतलं आणि कपाट उन्हात काढलं. बगळे असे झळकले की आळीतल्या बाया कामं टाकून आल्या. मी फुशारले. दुपारी कट्ट असा आवाज झाला. एका बगळ्याच्या मानेतून वीतभर तडा गेला होता, काळा पापुद्रा वर वळला होता.

सासरे आले तेव्हा मी मातीत बसून रडत होते. आता मला माहेरी धाडणार, हे मी धरूनच चालले होते. ते थेट तड्याशी वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"हिकडं ये पोरी. बघ."

पापुद्र्याच्या कडेला कांद्यासारखे थर होते. काळ्याखाली काळा, त्याखाली मातकट, आणि अगदी तळाला, लाकडावर, चक्क कापड चिकटवलेलं!

"ही आपली लाख नाय. किती म्हयने बसला असंल यो मानूस एका दारापाशी," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

मी भीत भीत म्हटलं, "मामंजी, लाख नि काजळी घालून बुजवा ना. कळायचं नाही कुणाला."

"त्याच्या हातावर मी माजा हात फिरवू? नाय."

दुसऱ्या दिवशी ते कपाटाबरोबर गाडीतून गेले आणि "काल निघताना मीच उन्हात ठेवलं" म्हणून सांगून आले. बंगल्याचं काम दुसऱ्याला गेलं. मला त्यांनी त्यावरून एका शब्दानं टोचलं नाही.

पुढे लढाईच्या दिवसांत मला मुलगी झाली. बारशाला सासऱ्यांनी माझ्यापुढे एक सागाची पेटी ठेवली. लाकडावर जुन्या धोतराचं कापड, त्यावर काळ्या लाखेचे थर, झाकणावर पिवळा बगळा. मान जरा जाडच झाली होती बिचाऱ्याची.

"हिला ऊन दाखवू नको हां गो," ते हसत म्हणाले.

मी आधी आतला खण उपसला आणि उलटा करून पाहिला. मागच्या अंगाला नाकतोडा होता. तो कोणासाठी काढलाय, हे मला विचारावं लागलं नाही.