सरकत गेलेली निळी रेघ

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी केजच्या स्टँडवर चहा पीत होतो. "हे गेले, भाऊजी," एवढंच बोलल्या. महिना उलटलाय, पण त्या स्टँडवर मी अजून चहा घेतलेला नाही.

दत्ता माझा शाळेपासूनचा मित्र, आणि अव्वल हट्टी. पुण्यातली नोकरी सोडून तो केजला आला आणि माडीवर कॉम्प्युटर मांडून बसला. वाक्याची रचना बोलण्याची लय कशी ठरवते, हे दाखवणारा प्रोग्रॅम त्याला मराठीसाठी करायचा होता. पडद्यावर वाक्य, वर आवाजाचा चढउतार. रचनेनुसार माणसानं जिथं थांबायला हवं तिथं निळी रेघ. तो खरोखर थांबला तिथं लाल. पार धर्मापुरीपर्यंत हिंडून त्यानं लोकांचे आवाज जमवले होते. दोन्ही रेघा जुळल्या की गडी एकटाच टाळ्या वाजवायचा. रोज सकाळी चाचणीसाठी मात्र स्वतःच एक ठरलेलं वाक्य वाचायचा. 'काल नारायणगडावरून आलेल्या पाहुण्यांनी दिलेला नारळ अजून देवळीतच हाय.' मी चिडवायचो, "खाऊन टाक की बे तो नारळ एकदाचा!"

गेल्या दिवाळीनंतर त्याची लाल रेघ भलतीकडंच पडू लागली. 'दिलेला'नंतर. तिथं कुणी थांबत नाही. 'नारळ' म्हणेपर्यंत माणूस दम धरतोच. "प्रोग्रॅम चुकायलाय बे," दत्ता म्हणाला. "एका दमात माणूस किती बोलतो, ते मी जास्तच धरलंय." त्यानं ती मर्यादा कमी केली. निळी रेघ लालवर येऊन बसली आणि तो निर्धास्त झाला. थोड्या दिवसांनी लाल आणखी मागं सरकली, 'आलेल्या'पाशी... त्यानं निळीही तिथं नेली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जिना चढताना यांना लई दम लागायलाय. लातूरला दाखवा की." दत्ता उसळला, "मला काय झालंय? मशीन बिघडलंय, माणूस न्हाई!"

शेवटी लातूरला नेलंच. स्नायू झिजवणारा आजार होता, आणि त्यानं आधी श्वासाचेच स्नायू धरले होते. बरा होणारा नव्हताच. लवकर कळला असता तर थोडे महिने मिळाले असते, असं डॉक्टर म्हणाले. परतताना जीपमध्ये दत्ता म्हणाला, "लाल रेघ... बरोबर हुती बे. मीच तिला... खोटं पाडत बसलो." मला त्याचा भयंकर राग आला होता. अजूनही येतो.

परवा वहिनींनी कॉम्प्युटर लावायला सांगितला. ते वाक्य त्यांना वाचायचं होतं. त्यांनी सरळ, न अडखळता वाचलं. लाल रेघ 'नारळ'नंतर पडली, जिथं पडायला हवी तिथंच. निळी मात्र 'आलेल्या'पाशी उभी होती.

"हे दुरुस्त करावं लागंल," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा वाचू लागल्या. 'काल नारायणगडावरून आलेल्या...' या वेळी त्या तिथंच थांबल्या. लाल रेघ निळीवर जाऊन बसली. उरलेलं वाक्य त्यांनी वाचलंच नाही.