आईचे मेल असलेलं खातं

बसवनगुडीत कॉफी दळल्याचा वास आला की मला ती सकाळ आठवते. दुकानदारानं कानडीत "स्वल्प वेट माडी, अक्का" म्हणून जरा थांबवलं होतं आणि तेवढ्यात फोनवर मेसेज आला, की नियमभंगामुळे माझं जुनं ईमेल खातं बंद करण्यात आलं आहे. कुठला नियम, ते लिहिलेलं नव्हतं. आई गेल्यापासून मी ते उघडलंच नव्हतं. तिचे सगळे मेल मात्र त्यातच होते. मग नियम मोडला कुणी? आधी मेसेजच खोटा वाटला, पण घरी येऊन पाहिलं तर खातं खरंच उघडेना. नवरा म्हणाला, "वापरत नव्हतीस ना? मग सोड की." त्याचं ते सहज बोलणंही मला खटकलं. त्याच्यावर, पूर्वीच्या रूममेटवर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. कंपनीला पुन्हा पुन्हा लिहिलं. उत्तर एकच, निर्णय अंतिम आहे. शेवटी नागपूरला धाकट्या भावाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, मी उघडायचो ते. तुझा पासवर्ड मला ठाऊक होता. आईचं वाचावंसं वाटायचं गं." त्यामुळेच बंद झालं का, ते कुणीच सांगितलं नाही आणि खातंही परत मिळालं नाही. आता आई काय काय लिहायची, ते भाऊ त्याला आठवेल तसं मला फोनवर सांगतो. अलीकडे त्यातली काही वाक्यं तो स्वतःच रचतो, अशी मला दाट शंका आहे. पण मी विचारत नाही.