एजंटकाकूंनी विकलेलं घर

एजंटकाकूंचा धंदा घरं विकून देण्याचा होता, आणि घर विकायला आलेल्या माणसाला त्या पहिला प्रश्न विचारत, "विकायलाच पाहिजे का?" हे त्या गमतीनं विचारत नसत. कारण पटलं नाही तर समोरच्याला चहा पाजून परत पाठवत. त्यांनी मनवेलपाड्यात किती घरं विकली ते मला माहीत नाही, पण निदान चार कुटुंबं अशी माहीत आहेत, जी काकूंमुळे अजून तिथंच राहतात आणि त्याबद्दल त्यांना नावं ठेवतात.

काकू साठीच्या. झेरॉक्सच्या दुकानाबाहेर एक टेबल आणि दोन खुर्च्या, एवढंच त्यांचं ऑफिस. त्याआधी वीस वर्षं त्या एका शाळेत क्लार्क होत्या. त्यामुळे समोर बसलेला प्रत्येक जण फी भरायची राहिलेला पालक आहे, अशा नजरेनं त्या बघत. आवाज कधी चढला नाही, आणि मला आठवतं तोवर उतरलाही नाही.

बाबा गेल्यावर आई मनवेलपाड्यातल्या आमच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, एकटी राहायला लागली. लिफ्ट नव्हती. भाजी आणायला उतरली की दुखऱ्या गुडघ्यांनी परत चढायला तिला अर्धा तास लागायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर बसून ती भाजी निवडूनच वर जायची. मी माणिकपूरला भाड्यानं राहत होतो. हे घर विकून माझ्याजवळ तळमजल्यावर तिच्यासाठी एक खोली घ्यायची, असं ठरलं. गुडघे हे कारण काकूंना पटलं.

घर बघायला आल्या तेव्हा त्यांनी बाल्कनी बघितली नाही, हॉल बघितला नाही. सरळ बाथरूमच्या मागच्या भिंतीपाशी गेल्या आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात भिंतीवर ठेवला. मी घाईनं म्हणालो, "पुढच्या आठवड्यात रंग काढून घेतोय."

"रंग नका काढू. आधी प्लंबर बोलवा. एकाच भिंतीला नवा रंग दिसला की गिऱ्हाईक विचारतं, इथं काय झाकलंय?"

मग किंमत. मी आकडा सांगितला. तो कुठून आणला, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, समोरच्या बिल्डिंगमधले तेवढ्याला गेले.

"तेवढे सांगितले की तेवढे मिळाले?"

मी चौकशी केली. सांगितले होते. मिळाले नव्हते.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नुकतं लग्न झालेलं जोडपं होतं. मी त्यांना पंखा बाबांनी कसा दादरहून डोक्यावरून आणला ते सांगितलं, कडाप्प्याचा ओटा त्यांनी उभं राहून कसा बसवून घेतला ते सांगितलं, शेवटच्या आजारात त्यांची खाट कुठं होती तेही दाखवलं. जोडपं "कळवतो" म्हणून गेलं. काकू जिन्यात मला म्हणाल्या, "तुम्ही घर दाखवत नव्हता, वडील दाखवत होतात. त्यांना वडील नको होते. वन रूम किचन हवं होतं." त्यानंतर कुणी बघायला आलं की त्या मला खाली पाठवून देत. पाणी एक दिवसाआड येतं, हे मात्र त्या स्वतः, कुणी विचारायच्या आधी सांगत. दोन गिऱ्हाइकं त्यावर गेली. तिसऱ्यानं टोकन दिलं.

आता कागदपत्रं. ॲग्रीमेंट होतं. सोसायटीत बाबांनी नॉमिनी म्हणून माझं नाव लावलं होतं, शेअर सर्टिफिकेटही माझ्या नावावर झालं होतं. "म्हणजे मालक मीच," मी म्हणालो.

"नॉमिनी म्हणजे राखणदार," काकू म्हणाल्या. "मालक म्हणजे सगळे वारस. आई, तुम्ही. आणखी भावंडं?"

मी म्हणालो, "नाहीत."

हे खोटं होतं. मला मोठी बहीण आहे. तिनं त्याच्या अकरा वर्षं आधी अर्नाळ्याच्या एका मुलाशी रजिस्टर लग्न केलं. भावोजींची स्वतःची होडी आहे. बाबांना समुद्र आवडायचा, मासे तर फारच आवडायचे. मासेमार जावई तेवढा आवडला नाही. त्यांनी ताईला घराची दारं बंद केली. त्यांच्या माघारी ती आली ती अंत्ययात्रेला, खाली गेटपाशी उभी राहिली आणि तिथूनच परत गेली. वर ये, असं मी म्हणालो नाही. बाबांचा शब्द मी पाळत होतो, असं मी स्वतःला सांगत असे. त्यात माझी सोयही होती.

आठवड्यानं काकू मसुदा घेऊन आईकडे आल्या. आईनं चष्मा लावला, सगळी पानं उलटली आणि साधेपणानं विचारलं, "ही माझी सही, ही ह्याची. आमच्या मुलीची कुठं घ्यायची?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. शाळेत त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या पालकांची मला पहिल्यांदा दया आली. त्यांनी कागद गोळा केले आणि त्याच दुपारी गिऱ्हाइकाचं टोकन परत करून टाकलं.

"अहो, एवढं चांगलं गिऱ्हाईक!" मी म्हणालो. "ती काही हिस्सा मागायला येणार नव्हती."

"आज नाही येणार. उद्या तिची मुलं येतील, त्या घेणाऱ्याच्या दारात. त्यानं काय पाप केलंय?" मग म्हणाल्या, "भिंतीची ओल तरी हाताला लागते. रविवारी अर्नाळ्याला जाऊ. नऊची बस."

ताई अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टाकत होती. मला बघून तिचे हात थांबले नाहीत. तिच्या सासूनं खाटल्यावरचं जाळं बाजूला केलं आणि म्हणाली, "बसा. पानी घ्या आदी." पाणी पिऊन झालं तरी मला सुरुवात सापडेना. शेवटी काकूंनीच सगळं सांगितलं. मी तिचं नाव लपवलं तेही, काही न वगळता.

ताईनं हात पदराला पुसले. "सही देते. पण मला एकदा घर बघायचंय."

ती आली त्या दिवशी काकूंनी मला खाली पाठवलं नाही, स्वतःच खाली जाऊन बसल्या. आईनं दार उघडलं. ताई दोन्ही खोल्यांतून फिरली, बाबांच्या खाटेच्या जागेपाशी बराच वेळ उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली, आणि दहा मिनिटांत मायलेकींचं पितळेच्या डब्यावरून भांडण सुरू झालं. डबा कुणी कुणाला दिला होता यावरून. मी हॉलमध्ये बसून ऐकत होतो. घरात इतका आवाज अकरा वर्षांत झाला नव्हता.

निघताना ताई काकूंना म्हणाली, "मला हिस्सा नको. हक्कसोड करून देते."

"आत्ता नको देऊस," काकू म्हणाल्या. "माहेरी रडून खाली उतरलेल्या बाईचा निर्णय मी धरत नाही. आठ दिवस घरी विचार कर."

आठ दिवसांनी ताईचा फोन आला. तिला तिसरा हिस्सा हवा होता. मला राग आला, हे कबूल करतो. आईला आला नाही. "तिचाच आहे," ती म्हणाली, आणि गोळी घ्यायला उठली.

नवं गिऱ्हाईक टोकन परत केलेल्यापेक्षा कमी भावाचं मिळालं. रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात आम्ही एकेक करून कॅमेऱ्यासमोर बसलो, अंगठे दिले. दस्ताच्या शेवटच्या पानावर आमचे तिघांचे फोटो एकाखाली एक छापून आले. तिघेही चोरीच्या आरोपाखाली धरल्यासारखे दिसत होतो. आईनं त्या पानाची वेगळी झेरॉक्स काढून घेतली. आता माणिकपूरच्या तिच्या तळमजल्यावरच्या खोलीत ती भिंतीला चिकटवलेली आहे. ताई दर बुधवारी मासे घेऊन येते आणि आई ते नीट साफ केलेले नाहीत असं तिला सांगते.

दोन वर्षांनी काकू मुलीकडे कोल्हापूरला कायमच्या जायला निघाल्या. ताई आणि मी भेटायला गेलो. ताईनं सुक्या बोंबलांची मोठी पिशवी आणली होती. काकू जन्मभर शाकाहारी. त्यांनी पिशवी घेतली, जरा लांब धरली आणि म्हणाल्या, "मुलीच्या सासूबाईंना आवडतील. त्यांच्याशी माझं अजून नीट जमलेलं नाही. उपयोग होईल."

यंदा कोल्हापूरहून एका अनोळखी बाईचा फोन आला. काकूंची मुलगी होती. आई गेली, म्हणाली. काकूंच्या जुन्या वहीतल्या सगळ्यांना ती कळवत होती.

"तुमचं नाव नाही लिहिलेलं," ती म्हणाली. "नंबरापुढे नुसतं 'मनवेलपाडा, तिसरा मजला, तीन सह्या' असं आहे. तुम्हीच ना ते?"

"हो," मी म्हणालो. "आम्हीच."