सरांच्या मनगटावरचा दोरा

सरांनी माझा हात वर धरला, सगळ्या बॅचला दिसेल असा. मनगटावर आईने बांधलेला काळा दोरा होता. सर म्हणाले, "जंगलातून थेट ऑपरेशन थिएटरमध्ये! असल्या दोऱ्यांतूनच जंतू जखमेत जातात. तुम्हा लोकांना आधी स्वच्छता शिकवायची, मग सर्जरी." कात्री मागवली. दोरा कापला. चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवला आणि बादलीत टाकला. बॅच खदाखदा हसली.

नव्वदीची सुरुवात. धुळ्यातलं मेडिकल कॉलेज. मी पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावरची, भिलाची पोर. बाप आश्रमशाळेत शिपाई. त्या दिवशी थिएटरमध्ये पेशंट नव्हताच. टेबलावर उशी ठेवून खोटं ऑपरेशन चाललं होतं. हात कसे धुवायचे, गाऊन कसा चढवायचा, कशाला हात लावायचा नाही, हे शिकवायला.

सर चुकीचं बोलले नव्हते, हेच जास्त झोंबलं. नियम खरा होता. अंगठी, घड्याळ, बांगडी, दोरा, काही चालत नाही. आणि कुणाचं चुकताना दिसलं तर तिथल्या तिथे बोलायचं, मग तो कोणी का असेना. हेही सरांनीच सांगितलं. मी वहीत उतरवून घेतलं, पाठ केलं.

महिन्याभराने खरं ऑपरेशन. पारोळ्याकडचे एक आबा, हर्नियाचे. हात धुवायच्या नळाशी मी सरांच्या शेजारी उभी. सरांच्या मनगटावर लाल दोरा. घरी पूजा झाली असणार. दोरा चिंब भिजलेला, आणि सरांनी त्याच्यावरच ग्लोव्ह ओढला. मी पाहिलं. सिस्टरनी पाहिलं. बॅचमधल्या पोरांनीही पाहिलं. माझ्या तोंडाला कुलूप. टर्म, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी, सरांच्या सहीवर होती.

चौथ्या दिवशी आबांच्या टाक्यांतून पू आला. ड्रेसिंग माझ्याकडे. सर राऊंडला आले, आबांच्या भेगाळलेल्या टाचांकडे पाहून म्हणाले, "खेडवळ माणसं. अंघोळीचा पत्ता नसतो." केसपेपरवरही तसंच लिहिलं. सर गेल्यावर आबा मला म्हणाले, "मी बठ्ठं पथ्य पाळं व माय. मनं काय चुकनं?"

सगळं पथ्य पाळूनही आबा स्वतःचीच चूक शोधत होते. मी पट्टी बांधत राहिले. पू दोऱ्यामुळेच झाला, हे मी सिद्ध करू शकत नाही. आजही नाही. पण मी गप्प बसले, हे पक्कं ठाऊक आहे. स्वतःची किळस आली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच नळ, तोच दोरा. आत टेबलावर एक बाई, तिला भूल द्यायची तयारी चाललेली. मी म्हणाले, "सर, मनगटावर दोरा आहे. कापावा लागेल."

सरांनी वळून पाहिलं. "देवाचा आहे. अंघोळ करून बांधलाय. तुझ्या हातांपेक्षा स्वच्छ आहे."

"जंतूंना सोवळं कळत नाही, सर."

"बाहेर हो. टर्म कशी मिळते ते बघतो."

मी हलले नाही. भूल देणाऱ्या मॅडमना ऐकू जाईल असं मी तेच पुन्हा बोलले. मॅडमनी हातातली सिरिंज खाली ठेवली; दोरा निघेपर्यंत भूल देणार नाही म्हणाल्या. सरांना दोरा कापावा लागला. या वेळी कुणी हसलं नाही. मग मला बाहेर काढलं.

टर्म गेली. सहा महिने वाया. मेसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसेना. बाप एसटीने आला, दारातच म्हणाला, "माफी मांगी ले पोरी. आपलं काय चालस त्यासनापुढे?" त्याच्या डोळ्यांतली भीती बघवेना. तरी मी माफी मागितली नाही.

मग त्याच युनिटला परत आले. पहिल्या दिवशी नळाशी उभी राहून सगळ्यांची मनगटं पाहिली. सरांचं आधी. आजही पाहते. चाकू टेकायच्या आधी मी बोलणार, समोर कितीही मोठा माणूस असो. माझ्या गप्प बसण्याने आता कुणाची जखम चिघळणार नाही. त्यापायी तेव्हा टर्म गेली, आता नोकरी जायची तर जाऊ दे.